थांबलेल्या गाडीचा चालता पंखा

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या सेक्टरांतील रस्ते रुंद आहेत, दोन्ही बाजूंना झाडेही आहेत. तरी मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढला, की दुपारी त्या रस्त्यांवर चिटपाखरूही दिसत नाही. अशाच एका दुपारी एक विद्युत मोटार तेथील एका घरासमोर येऊन उभी राहिली. नागपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता तिने उन्हातच तोडला होता. वाटेत राजनांदगावजवळ अर्धा तास थांबून जलद चार्जिंगही करून घेतले होते. गाडी नवी, चालवणारा तरुणही नवखा. त्याने गाडी बंद केली, दारे लावली आणि किल्लीवरील बटण दाबून कुलूप घातले. दिवे एकदा लुकलुकले. आणि तो पायरी चढणार, इतक्यात बॉनेटखालून पंख्याची घरघर सुरू झाली.

त्याने कुलूप उघडले, गाडी चालू करून पुन्हा बंद केली, पुन्हा कुलूप लावले. घरघर थांबेना. आवाज ऐकून शेजारचे एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी बातम्यांत विजेच्या गाड्या पेटल्याची दृश्ये पाहिली होती. "आधी बॅटरीची तार काढून ठेवा," त्यांनी सल्ला दिला, "नाहीतर सकाळपर्यंत चार्ज संपलेला असेल, किंवा त्याहून वाईट काही झालेले असेल."

तरुणाचे मामा कारखान्याच्या झोतभट्टीवर तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीसमोर हात धरून पाहिला. ऊन तर होतेच, पण त्याहूनही तापलेली हवा गाडीतून बाहेर पडत होती.

"मामा, काढू का तार?"

"अरे, राहू दे. भट्टीचा वारा बंद केला म्हणून आम्ही तिचे पाणी बंद करत होतो का?"

मामांच्या या एका प्रश्नात सगळे उत्तर आले आहे. ते उलगडण्यासाठी मात्र थोडे खोलात शिरावे लागेल.

आधी भट्टीचेच पाहू. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीत खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. कोक जळतो, लोहखनिजातील ऑक्सिजन निघून जातो आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाचा लोखंडाचा रस तळाशी जमतो. भट्टीचे पोलादी कवच या उष्णतेने वितळून जाऊ नये, म्हणून त्याच्या आतील बाजूने पाणी सतत खेळवलेले असते. कारखान्याला लागणारे पाणी तांदुळा जलाशयासारख्या ठिकाणांहून कालव्याने मरोदा येथील तलावात आणून साठवतात. दुरुस्तीसाठी हवेचा झोत बंद केला, की भट्टीचे काम थांबते. परंतु तिच्या पोटातील तप्त माल आणि विटांचे जाड अस्तर त्या क्षणी निवत नाही. त्या वेळी पाणी तोडले, तर चालू भट्टीत जे नुकसान झाले नसते, ते बंद भट्टीत होईल. यंत्राचे काम थांबणे ही एक गोष्ट आणि यंत्र निवणे ही दुसरी. दोन्हींची वेळ एक नसते.

मोटारींनाही हे नवे नाही. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांमध्ये रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन थांबले, की पंखाही थांबे. म्हणून घाट चढून आल्यावर जाणते चालक इंजिन लगेच बंद करत नसत; काही वेळ ते नुसतेच चालू ठेवत. पुढे पंखा विजेवर चालू लागला आणि तापमान पाहून तो चालू-बंद होण्याची सोय झाली. त्यानंतरच्या अनेक पेट्रोल गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा मिनिटभर फिरताना आपण ऐकला असेल.

पण विद्युत मोटारीत ना पेट्रोल जळते, ना धूर निघतो. मग इतकी उष्णता येते कोठून? बहुतेकांच्या मनातील खरी शंका हीच असते.

या गाडीच्या तळाशी शेकडो किलोग्रॅम वजनाची लिथियम-आयन घटमाला असते. तिच्यातून वीज बाहेर पडताना किंवा तिच्यात वीज भरताना विद्युतधारेला घटांच्या आतच काहीसा विरोध होतो आणि तेवढी ऊर्जा उष्णतेत बदलते. शाळेत शिकलेला नियम येथे उपयोगी पडतो: निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब सोपा जावा म्हणून धरू, की घटमालेचा दाब ३२० व्होल्ट आहे आणि तिचा अंतर्गत विरोध ०.१ ओहम आहे. सपाट महामार्गावर गाडी एका संथ गतीने जाताना तिला सुमारे १६ किलोवॅट शक्ती लागली, तर धारा होईल ५० अँपिअर आणि उष्णता निर्माण होईल २५० वॅट, म्हणजे घरातील दोन-तीन जुन्या पिवळ्या दिव्यांएवढी. ही काही मोठी गोष्ट नव्हे. आता जलद चार्जिंग केंद्रावर हीच घटमाला ३२ किलोवॅटने भरू लागलो. धारा दुप्पट झाली, १०० अँपिअर. उष्णता मात्र चौपट, १००० वॅट. समोरचा ट्रक ओलांडण्यासाठी चालकाने पायाखालची पट्टी जोरात दाबली आणि मोटारीने ६४ किलोवॅट शक्ती मागितली, तर तेवढ्या काही क्षणांपुरती उष्णता ४००० वॅटवर जाते. ट्रक ओलांडणे दहा-पंधरा सेकंदांचे असते. चार्जिंग अर्धा तास चालते. म्हणून घटमाला खरी तापते ती बहुधा गाडी उभी असताना, चार्जिंग केंद्रावर. धावत्या गाडीपेक्षा उभी गाडी अधिक तापावी, हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे!

तापमान किती वाढेल, तेही काढता येते. घटमाला २५० किलोग्रॅमची धरली आणि एक किलोग्रॅम द्रव्य एक अंशाने तापवायला सुमारे एक किलोज्यूल उष्णता लागते असे मानले, तर संपूर्ण घटमाला एक अंशाने तापायला २५० किलोज्यूल लागतील. १००० वॅटच्या दराने ती उष्णता सुमारे चार मिनिटांत जमा होते. निवण्याची काही सोयच नसेल, तर अर्ध्या तासाच्या चार्जिंगमध्ये घटमाला सात अंशांनी तापेल. भिलाईच्या रस्त्यावर आधीच चाळिशी ओलांडलेल्या घटमालेला हे सात अंश भारी पडतात.

शिवाय ही उष्णता पटकन बाहेरही पडत नाही. गॅस बंद केल्यावरही भाकरीचा तवा बराच वेळ हाताला लावता येत नाही. जड वस्तूत मुरलेली उष्णता हळूहळूच पृष्ठभागाकडे येते. घटांचा गाभा आणि त्यांना चिकटलेली थंड पट्टी यांच्या तापमानातही असाच फरक असतो. त्यात प्रवासात गाडीचा वातानुकूलन कॉम्प्रेसर आतल्या माणसांनाही गार करत असतो. अनेक गाड्यांत त्याचा गारवा माणसे आणि घटमाला यांच्यात वाटून घ्यावा लागतो. माणसे उतरून घरात गेली, की तो पूर्णपणे घटमालेच्या वाट्याला येतो. मामांच्या घरासमोर सुरू झालेली घरघर ही या उरलेल्या कामाची होती.

ते काम केले नाही तर काय बिघडते? लगेच काहीच नाही. म्हणूनच या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. लिथियम-आयन घटांना साधारणपणे १५ ते ३५ अंशांचे, म्हणजे माणसाला मानवणारेच तापमान मानवते. त्याहून अधिक तापमानात घटांच्या आत नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात. तापमान दहा अंशांनी वाढले, की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम रसायनशास्त्रात सांगितला जातो. घटाच्या ऋण टोकावर एक पातळ थर जमतो, तो जाड होत जातो आणि वीज साठवण्याच्या कामी येणारे लिथियम त्या थरात अडकून पडते. घट फुटत नाही, आवाजही होत नाही. फक्त आज अडीचशे किलोमीटर जाणारी गाडी काही वर्षांनी दोनशेच जाऊ लागते. घटमाला हा विद्युत मोटारीचा सर्वांत महागडा भाग असल्याने ही चोरपावलांनी येणारी झीज मालकाला परवडणारी नसते.

याचे उदाहरण भिलाईसारख्याच एका तापट शहरात घडले आहे. निसान कंपनीची लीफ ही विद्युत मोटार २०१० च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या घटमालेला थंड करण्यासाठी ना द्रव होता, ना पंखा. घटमाला आपोआप निवावी, अशी तिची रचना होती. समशीतोष्ण प्रदेशात ती चालून गेली. परंतु अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. २०१२ मध्ये तेथील मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की एक-दोन वर्षांतच घटमालेची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी काही मावळल्या आहेत. पुढे कंपनीने क्षमतेतील अशा घटीसाठी त्या देशात पाच वर्षे अथवा ६०,००० मैलांपर्यंतची हमी दिली. त्या गाड्यांमधून कुलूप लावल्यावर घटमालेच्या पंख्याची घरघर कधी ऐकू आली नव्हती. ती आली असती, तर बरे झाले असते!

भारतात जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीत ३०.२ युनिट वीज मावणारी आणि द्रवाने थंड होणारी घटमाला होती. येथे 'युनिट' म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट, एक किलोवॅट-तास. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे तयार होणाऱ्या या गाडीनंतर आपल्याकडच्या अनेक विद्युत मोटारींत द्रवशीतन दिसू लागले.

हे शीतन कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. घटांना लागून धातूच्या पोकळ पट्ट्या असतात. त्यांतून एक छोटा पंप शीतक द्रव फिरवतो. हिवाळ्यात बाहेरची हवा २० अंशांची असेल, तर हा द्रव गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरमधून फिरवून आणणे पुरेसे असते. मे महिन्यात तसे चालत नाही. उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडेच आपणहून जाते. घटमाला ४६ अंशांवर आणि बाहेरची हवा ४४ अंशांवर असेल, तर रेडिएटरमधून कितीही वारा घातला तरी हवेपेक्षा थंड काही होणार नाही.

हवेपेक्षा थंड करण्याची युक्ती आपल्या घरातच असते. माठातले पाणी पाझरते, बाष्प होऊन उडते आणि उडताना माठातील उष्णता घेऊन जाते. भर उन्हाळ्यात माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार असते ते यामुळेच. गाडीच्या वातानुकूलन यंत्रातील द्रव्यही बाष्प होतानाच उष्णता शोषते. तेथे ते घटमालेकडून आलेल्या तापलेल्या शीतकाला गार करते. मात्र माठातले बाष्प हवेत निघून जाते, गाडीतले बाष्प परत वापरायचे असते. म्हणून कॉम्प्रेसर ते दाबतो, त्यामुळे ते बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते, आणि मग गाडीच्या पुढील नळ्यांच्या जाळीत आपली उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. ती उष्णता हवेत फेकण्यासाठी जाळीमागे मोठा पंखा लागतो. गाडी धावत असताना समोरचा वारा हे काम बऱ्याच अंशी फुकट करतो. उभ्या गाडीला तो वारा नसल्याने पंख्याला एकट्यानेच ते ओढावे लागते, आणि रस्त्याचा गोंगाट नसल्यामुळे त्याचा आवाजही अधिक जाणवतो. मामांच्या हाताला लागलेली हवा उन्हाहून तप्त का होती, हेही आता लक्षात येईल.

पंखा चालू करण्याचा निर्णय घेतो तो घटमालेचा नियंत्रक. तो निरनिराळ्या ठिकाणची तापमाने सतत मोजत असतो. आपण कुलूप लावतो तेव्हा त्याचा अर्थ दारे बंद झाली, एवढाच असतो. गाडीतील संगणक एकेक करून नंतर झोपी जातात, आणि तापमान ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत हा नियंत्रक जागा राहतो. वरच्याच हिशेबाने, यंत्रणा १५०० वॅटच्या दराने उष्णता काढत असेल, तर घटमाला चार अंशांनी निववायला सुमारे अकरा मिनिटे लागतील. त्या वेळात कॉम्प्रेसर, पंखा आणि पंप मिळून एक किलोवॅट घेत असतील, तर खर्च झाला पाव युनिटाहून कमी. म्हणजे तीस युनिटांच्या घटमालेतील एक टक्काही नाही. सकाळपर्यंत चार्ज संपेल, ही शेजाऱ्यांची भीती म्हणूनच अनाठायी होती.

त्यांचा दुसरा सल्ला मात्र नुसता अनाठायी नव्हे, तर घातक होता. विद्युत मोटारीत मोठ्या घटमालेखेरीज १२ व्होल्टची एक साधी बॅटरीही असते. दाराची कुलुपे, दिवे आणि सर्व नियंत्रक तिच्यावर चालतात. तिची तार काढली, तर पंखा थांबेल हे खरे. पण त्याबरोबर तापमान मोजणाराही झोपी जाईल आणि तापलेली घटमाला तशीच राहील. तापमापक फोडून ताप उतरवण्याचाच हा प्रकार.

उभ्या गाडीतून आवाज येण्याची आणखीही कारणे असतात. घरी चार्जिंग चालू असताना गाडीतील चार्जर स्वतः तापतो आणि त्याला थंड करण्यासाठी पंखा मधूनमधून फिरतो. काही गाड्या १२ व्होल्टची बॅटरी उतरू लागली, की मोठ्या घटमालेतून तिला आपणहून भरतात. काहींमध्ये वातानुकूलनाच्या ओलसर जाळीवर बुरशी धरून कुबट वास येऊ नये, म्हणून गाडी बंद झाल्यावर थोड्या वेळाने आतला छोटा पंखा ती वाळवतो. हा आवाज बॉनेटखालून नव्हे, तर आतून येतो.

मग काळजी केव्हा करावी? पंखा दहा-वीस मिनिटे फिरणे उन्हाळ्यात स्वाभाविक आहे. थंडीच्या रात्री, गाडी न चालवता आणि चार्जिंग न करता तो तासन्‌तास फिरत असेल किंवा रोज चार्जची टक्केवारी लक्षणीय घसरत असेल, तर गाडी दुरुस्ती केंद्रात दाखवावी. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर ते बहुधा वातानुकूलनाचे असते; रंगीत, चिकट द्रव सांडलेला दिसला, तर शीतक गळते आहे. पंखा फिरतो आहे पण फिरवायला शीतकच नाही, ही स्थिती वाईट. फळीवर तापमानाचा इशारा आला, गोडसर किंवा जळका वास आला, धूर दिसला, तर काही काढायला गाडीत न शिरता दूर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. घटांच्या आतच एकदा उष्णतेची साखळी सुरू झाली, की पंख्याच्या आवाक्यात काही राहत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव परिसरात एक विद्युत स्कूटर रस्त्याच्या कडेला पेटली, त्याच काळात इतरत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर केंद्र शासनाने घटमालांच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. घटमालेत धोकादायक उष्णता वाढू लागल्यास आगाऊ इशारा मिळावा, अशी तरतूद त्यांत आहे.

एक दक्षता मात्र प्रत्येक वेळी घ्यावी. पंखा थांबलेला पाहून बॉनेटखाली हात घालू नये; तो कोणत्याही क्षणी पुन्हा सुरू होऊ शकतो. नारिंगी वेष्टनाच्या जाड तारा तर उच्च दाबाच्या असतात. त्यांना प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणी स्पर्श करायचा नसतो. गाडीवर लगेच कापडी आच्छादन घालणेही बरे नव्हे, कारण पुढची जाळी झाकली, की तापलेली हवा आतल्या आत घोटाळत राहते.

मामांनी भाच्याला गाडी थोडी पुढे घेऊन कडुनिंबाच्या सावलीत लावायला सांगितले. आच्छादन डिकीतच राहिले. दोघे ओसरीवर बसून पन्हे पीत असताना घरघर मंदावली आणि थांबली. पंधरा मिनिटे झाली होती. संध्याकाळी भाच्याने गाडी उघडून पाहिली, तर चार्ज ६१ टक्के होता. उतरताना तो ६२ होता.